ओ कोणी दिली

१० मे

दादाच्या घरी पोहोचलो. 'दादाच्या घरी' असंच अजून हातून लिहिलं जातं. दोन वर्षांपूर्वी तो समोरच्या दलदलीत बिया वेचायला गेला, वरून ओढ्याला लोंढा आला, आणि एका मुळात अडकलेली बियांची पिशवी तेवढी सापडली. घर मात्र षष्ठी विभक्तीत त्याचंच राहिलं.

येण्याची कारणं दोन. वर्तमानपत्राला सांगितलेलं असं: खालच्या धरणाचे दरवाजे जूनच्या सुरुवातीला बंद होणार, पाणी मागे चढत येणार, आणि रानजायफळांची ही दलदल, हे घर, रोपवाटिका सगळं तळाशी जाणार. त्यावर लेखमाला. खरं कारण वहिनी. तिला त्याआधी इथून बाहेर काढायचं. निघताना बायको म्हणाली, "तिथे जाऊन व्याकरण शिकवत बसू नकोस. तिला घेऊन ये." माझी बायको मला अरेतुरे करते. कॉलेजपासूनची सवय. प्रेमविवाहाचा हा एक तोटा कोणी आधी सांगत नाही.

वहिनी दारातच उभी होती. वाळली आहे.

"या भाऊजी. पोट सुटलं की तुमचं!"

"वहिनी, याला लंबोदर म्हणतात. पूज्य शब्द आहे."

"आणि चार पायऱ्या चढून लागली त्या धापेला काय म्हणतात?"

तिची जीभ शाबूत आहे. म्हणजे अर्धं काम झालं, असं वाटलं.

१२ मे

वहिनीने दलदल दाखवली. काठावरून. एकट्याने आत जायची मला सक्त मनाई आहे. "या घरातला एक माणूस दिला तेवढा पुरे," म्हणाली, आणि लगेच झाडांची माहिती सांगायला लागली.

झाडं उंच, सरळ, पण चिखलात थेट न शिरता मुळांच्या तिवईवर उभी. शिवाय चिखलातून जागोजागी मुळं वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली जातात. त्यांना इथे सगळे 'गुडघे' म्हणतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाडाने वर काढलेली ती नाकं आहेत. पण दिसतात गुडघेच. शेकडो माणसं पाय जवळ घेऊन चिखलाखाली बसली आहेत आणि गुडघे तेवढे वर राहिलेत, असं. मी फार वेळ पाहिलं नाही.

झाडाला संस्कृतात 'नग' म्हणतात, हे मी तिला सांगितलं. न गच्छति इति. जो जात नाही तो.

"जात नाहीत म्हणून तर बुडणार आहेत," वहिनी म्हणाली.

मी खाली पडलेलं एक फळ उचललं.

फळ तडकलं की आत लाल जाळीत गुंडाळलेली बी असते. स्वयंपाकघरातल्या जायफळाची बिनवासाची चुलत बहीण. मोठ्या चोचीचे पक्षी जाळी खातात, बी टाकतात. ती ओली असेतोवर जिवंत. वाळली की मेली.

"डब्यात भरून ठेवता येत नाही हो," वहिनी म्हणाली. "पडली की उचलायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची, आणि पंधरवड्याच्या आत मातीत. नंतर म्हणाल, राहू दे, सवडीने बघू, तर नाही."

वरच्या खोऱ्यात अशीच एक पाणथळ आहे. ही झाडं तिथे लावायची, हा दादाचा बेत. वहिनी तो पुरा करते आहे. यंदाची फळं या दलदलीची शेवटची.

१५ मे

वहिनी तयार झाली! मी सकाळपासून पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडत होतो, ती भाजी चिरत होती. शेवटी सुरी खाली ठेवून म्हणाली, "भाऊजी, मी इथे बसून काय करतेय ते मलाच कळत नाही. चला. महिनाअखेर बिया गोळा होतील, मग येते तुमच्याबरोबर. तुमच्या बायकोला सांगा, माडीवरची खोली झाडून ठेव."

फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना." श्रेय कुणाचं, यावर वाद घातला नाही. माझा आवाज ऐकून वहिनी मात्र चपापली होती. "फोनवर अगदी ह्यांच्यासारखे वाटता," म्हणाली. आमची आईदेखील फोनवर मला दादा समजून झापायची. त्याच्या वाट्याचं पुष्कळ ऐकून घेतलंय मी.

संध्याकाळी वहिनी चहाचा कप घेऊन दलदलीच्या काठाकडे जाते. हवा खायला. मी त्या वेळात आतल्या खोलीत लेख लिहितो. घराला जाडजूड भिंती आहेत, बाहेरचं काही ऐकू येत नाही. लेखकाला उत्तम.

१८ मे

आज पहिला लेख द्यायला गावात गेलो. संपादकांचा फोन आला. "पंडित, झाडं कमी करा, माणसं वाढवा. झाडांना वाचक नसतो." मी म्हटलं, वाचकांनाही मुळं नसतात. ते हसले आणि चौथा परिच्छेद कापला.

परतताना वनखात्याच्या गार्डने जीपने वळणापर्यंत सोडलं. तो इथला एकटाच पहारेकरी, बोलायला फटकळ. पुढे रस्ता मोठा वळसा घेतो, म्हणून मी दलदलीच्या कडेच्या पायवाटेने निघालो. मनाई माहीत होती. पण उन्हं उतरली होती आणि चहाची वेळ झाली होती.

निम्म्या वाटेवर हाक आली. "अहो!"

वहिनीचा आवाज. तिने लांबून पाहिलं असावं, आता बोलणी बसणार, असं मनात आलं. तरी सवयीने ओ दिली. "ओ!" चांगली खणखणीत. आणि नेमका त्याच पावलाला घसरलो. पाय मांडीपर्यंत चिखलात. एका गुडघ्याला धरून वर आलो. झाडाच्या. तो हाताला ऊबदार लागला. दिवसभर ऊन खाल्लं असेल.

काठावर आलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. कप तेवढा दगडावर, भरलेला. मागच्या हौदावर हातपाय धुतले, पँट बादलीत बुडवून ठेवली, म्हणजे कोणाला पत्ता नको. वहिनीला सांगितलं, जीपने दारात सोडलं. ती चुलीपाशी पाठमोरी उभी होती. नुसतं "हं" म्हणाली. बोलणी बसली नाहीत. वाचलो.

२० मे

वहिनी गुणगुणते आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी आलो, चार शब्द बोललो, माणूस माणसात आलं. संगतीचा गुण याबद्दल सुभाषितं खंडीभर आहेत, एक ऐकवलं. ती म्हणाली, "आज रागावणार नाही मी. म्हणा अजून एक."

२३ मे

काहीतरी बिनसलं आहे. माडीवरची खोली झाडून झाल्याचं सांगितलं, तर वहिनी म्हणाली, "इतक्यात नको भाऊजी. पाणी कुठे आलंय अजून?"

"आल्यावर कळवेल का ते?"

"कळेल मला."

बांधलेली दोन बोचकी तिने सोडली. दादाचे सदरे काढून धुतले आणि वाळत घातले. उन्हाळ्यात कपड्यांना हवा द्यावी, हे खरं. वारा सुटला तेव्हा ते दोरीवर छाती फुगवून उभे राहिले. मी आत येऊन बसलो.

संध्याकाळी तिने तीन कप भरले. गार्ड येणार असेल म्हणून मी वाट पाहिली. तो आला नाही. तिसरा कप ती काठावर घेऊन गेली आणि रिकामा आणला.

२६ मे

गार्ड बिया न्यायच्या पेट्या घेऊन आला होता. वहिनी रोपांत होती. त्याला विचारलं, वहिनींचं अचानक काय झालं?

"अचानक कुठलं?" तो म्हणाला. "बाई दोन वर्षं रोज संध्याकाळी तिथे उभ्या राहून हाक मारतात. साहेब आत असायचे तेव्हा चहाला बोलवायच्या ना, तशीच. अहो, म्हणून. तुम्हाला माहीत नाही? घरात राहता की पुस्तकात?"

"रोज?"

"रोज. एक हाक. जरा थांबतात, मग परत. मी म्हटलं एकदा, बाई, कशाला? तर म्हणाल्या, सवय आहे रे, तोंडातून निघतं. पण परवापासून बघतोय, हाक मारून हसतात."

मी पेट्या मोजल्यासारखं केलं.

'अहो'. संस्कृतात हे आश्चर्याचं अव्यय आहे. मराठीत त्याचा अर्थ नवरा. मधे काय घडलं ते भाषाशास्त्रज्ञांनी सांगावं. शिवाय मराठीत 'अहो' वाण्यालाही म्हणतात, पोस्टमनलाही म्हणतात. कोणीही वळून बघावं असा शब्द. मी वळलो, ओ दिली. पण वहिनी मला कधीच अहो म्हणत नाही. ती भाऊजी म्हणते. माझी बायकोसुद्धा मला अहो म्हणत नाही. ती हाक माझ्यासाठी असण्याची शक्यता व्याकरणात कुठेच नव्हती. तीस वर्षं शब्दांवर पोट भरतो आणि एक शब्द कोणाचा, ते कळलं नाही.

तिला सांगायला हवं.

२७ मे

सांगितलं. ती गोणपाटावर पाणी शिंपडत होती, मी बिया पुसून तिच्या हातात देत होतो.

"वहिनी, अठरा तारखेला मी रस्त्याने आलो नाही. दलदलीतून आलो. ती ओ माझी होती."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"चिखलाची पँट काय तुमची तुम्ही धुतलीत?" ती म्हणाली. "त्या संध्याकाळी मी इथे येऊन भिंतीला धरून उभी राहिले. रात्रभर डोळा नाही. आणि सकाळी बघते तर बादलीत ही पँट. हसू की रडू कळेना. म्हटलं, बाई गं, भाऊजी होते."

मी सुटलो असं वाटलं. "मग झालं तर. मला माफ कर. उद्या बोचकी पुन्हा बांधू."

वहिनीने हातातली बी गोणपाटात ठेवली, कडा दुमडली.

"ती तुमची. पण एकोणीस तारखेची? त्यानंतरच्या? तुम्ही तर खोलीत लिहीत होतात. मी खिडकीतून बघून जाते हल्ली, मुद्दाम. खाली मान, पेन चालू. मग जाऊन हाक मारते." तिने माझ्या हातातून पुढची बी घेतली. "ओ येते भाऊजी."

३० मे

आज तिच्याबरोबर काठावर गेलो. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, असं न्यायशास्त्र सांगतं.

खाली धरणाचे दरवाजे ठरल्याआधीच बंद झाल्याची बातमी सकाळी आली. चिखलावर पाण्याचा पातळ थर आला आहे. त्यात झाडं उलटी दिसतात, आणि प्रत्येक गुडघ्याचं वर्तुळ पुरं होतं.

वहिनीने हाक मारली. मोठ्याने नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी. "अहो..."

या जागी आवाज परत येत नाही, हे लिहून ठेवतो. मी आधीच टाळी वाजवून पाहिलं होतं. चिखल आवाज पिऊन टाकतो. बेडूक ओरडत होते ते थांबले. एक बी पाण्यात पडली. दुसरं मला काही ऐकू आलं नाही.

वहिनीने मान कलती केली होती. मी घड्याळाकडे पाहत होतो तेवढ्यात ती हसली.

"ऐकलंत?"

"नाही."

"आज बारीक आहे," ती म्हणाली. "आवाज बसलाय. ओलीत राहून राहून."

घरी येताना मीच पुढे चालत होतो. मागे तिची पावलं येत होती. पायवाट अरुंद आहे, आम्ही दोघंच होतो, हे मला मागे न बघता माहीत होतं. बघितलं नाही.

२ जून

बायकोला फोनवर सगळं सांगितलं. तिने तिकडचा रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "तुला खरंच काही ऐकू आलं नाही ना?"

"नाही."

"मग तिला उचलून आण. आणि तू एकटा त्या काठावर जाऊ नकोस." पुन्हा थोड्या वेळाने, "ऐकतोयस ना? हो म्हण."

"ओ," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला.

४ जून

पाणी रोपवाटिकेच्या कुंपणाला लागलं. गार्ड सांगून गेला, उद्या उन्हं उतरताना जीप आणतो, परवा वळणावरचा रस्ता पाण्यात गेलेला असेल. बिया भरून तयार आहेत. त्यांचा पंधरवडाही संपत आला आहे.

वहिनी शांतपणे म्हणाली, "तुम्ही बिया घेऊन जा. वर पाणथळीच्या सावलीत लावा, उन्हात नको. मी थांबते."

"वहिनी, इथे छपरापर्यंत पाणी येणार आहे."

"ते आत असताना मी कशी निघू? तुम्हीच सांगा. इतकी वर्षं त्यांनी एक हाक चुकवली नाही. ते आत आणि मी गाडीत बसून चालले, असं कधी केलं नाही मी."

"दादा गेला, वहिनी."

"कुठे?" ती म्हणाली. अगदी साधेपणाने, पत्ता विचारल्यासारखं.

ओढून नेता येईल. गार्ड धट्टाकट्टा आहे. पण तशी नेलेली बाई माडीवरच्या खोलीत काय करेल, ते डोळ्यांसमोर येतं. वाळलेली बी.

दुसरा उपाय सुचला आहे. दादाचा आवाज माझ्याकडे आहे. उद्या ती हाक मारेल तेव्हा मी आत असेन. नुसती ओ पुरणार नाही. वाक्य हवं. लग्नाच्या मांडवातून, दुकानातून, दवाखान्यातून नवरे बायकोला म्हणतात ते: 'तू हो पुढे, मी आलोच.' यातला पहिला अर्धा भाग म्हणायचा. तू हो पुढे. 'मी आलोच' म्हणणार नाही. तेवढं खोटं माझ्याच्याने व्हायचं नाही.

अधर्म आहे का? असेल. शास्त्राधार शोधला असता तर दोन्हीकडून सापडला असता, म्हणून शोधला नाही.

५ जून, वरच्या खोऱ्यातल्या विश्रामगृहातून

क्रमाने लिहितो.

चार वाजल्यानंतर वहिनीला म्हटलं, वळणापर्यंत जाऊन जीप आली का बघतो. रस्त्याने गेलो आणि दिसेनासा झाल्यावर दलदलीत उतरलो. पाणी गार, मांडीपर्यंत. पायाखाली गुडघे लागत होते. सगळे बुडाले आहेत. वर एकही नाही. ते बुडले की झाडाचा श्वास गेला, असं वहिनी सांगते. झाडं अजून हिरवीगार उभी आहेत. त्यांना अजून कळलेलं नाही.

एका बुंध्याआड उभा राहिलो. काठ दिसत होता. ती आली. हातात कप नव्हता. पदर खोचलेला.

"अहो!"

मी तोंड उघडलं. हे निक्षून लिहितो: तोंड उघडलं, घसा ताणला, आणि आवाज निघाला नाही. भीती म्हणावी तर भीती नव्हती. लहानपणी दादा बोलत असला की मी मधे बोलायचो नाही, तसं काहीतरी झालं. शब्द जिभेवर होते, तिथेच राहिले. ती उभी राहिली. मीही. पाणी हलत नव्हतं. मग तिने मान हलवली, बाजाराची यादी समजल्यावर हलवतात तशी, आणि वळून घराकडे गेली.

हरलो असं वाटलं. फिरून रस्त्याने वर आलो, ओल्या कपड्यांनी. आता लपवायचं काय होतं. गार्डची जीप दारात होती. वहिनी ओट्यावर बसली होती. दाराला कुलूप. शेजारी एक बोचकं, आणि मांडीवर बियांचं शेवटचं गोणपाट.

"चला भाऊजी," ती म्हणाली.

"वहिनी?"

"म्हणाले, तू हो पुढे."

माझ्या पँटमधून पाणी ओघळत होतं. तिने ते पाहिलं. काही विचारलं नाही.

"आणखी काही?" मी विचारलं. आवाज आता आला, आणि तो मला आवडला नाही.

"नाही. मी जरा थांबले, मी आलोच म्हणतील म्हणून." तिने गोणपाटाची कडा नीट केली. "तेवढंच म्हणाले."

पेट्या चढवताना गार्डला बाजूला घेऊन विचारलं, तुला दलदलीकडून काही ऐकू आलं का? तो म्हणाला, "इंजिन चालू होतं." मग पेटी ढकलता ढकलता म्हणाला, "तुम्हीच बोललात ना काहीतरी? आवाज तुमचाच वाटला."

मी बोललो नव्हतो. नव्हतोच. हे इथे लिहून ठेवतो, कारण सांगायची सोय कोणापाशी नाही. आणि लिहितानाही एकदा घशाला हात लावून पाहिला.

वहिनी पुढे बसली. मी मागे, पेट्यांमध्ये पाय दुमडून. गाडी सुरू झाली. वळणावर पाणी चाकाला लागलं. तिथून दलदल शेवटची दिसते. वहिनीने मागे पाहिलं नाही. गोणपाट सुकतंय का, म्हणून ती हाताने चाचपत होती.

मी पाहिलं.